फाफ्सात घरची बचत लेकीच्या नावावर लिहिली गेली, आता दुरुस्त कशी करू?

लेकीची_आई
५ फेब्रुवारी २०२६

नमस्कार मंडळी. दोन रात्री डोळ्याला डोळा नाही, म्हणून इथे लिहितेय. जरा लांबेल, पण सगळं सांगितल्याशिवाय कुणाला काही सुचवता यायचं नाही.

आम्हाला अमेरिकेत येऊन एकोणीस वर्षं झाली. लेक इथेच जन्मली, आता बारावीत आहे. आम्हा दोघांचं ग्रीन कार्ड आहे. ९ नोव्हेंबरला, रविवारी, जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून आम्ही तिचा २०२६-२७ चा फाफ्सा, म्हणजे कॉलेजच्या खर्चासाठी सरकारी आर्थिक मदतीचा अर्ज, भरला. लॉगिन तिचं होतं, पण टाइप मी करत होते. दुसऱ्या दिवशी तिची केमिस्ट्रीची टेस्ट होती. म्हटलं, तू अभ्यास कर, हे मी बघते.

तिच्या भागात प्रश्न आला की रोख, सेव्हिंग आणि चेकिंग मिळून आज किती पैसे आहेत. मी घरात आहेत तेवढे लिहिले, ३८,००० डॉलर. प्रश्न फक्त तिच्या पैशांचा होता हे लक्षातच आलं नाही. तिच्या स्वतःच्या खात्यात उन्हाळ्यात लाइफगार्डचं काम करून साठवलेले १,२४० डॉलर आहेत, बाकी काही नाही. मग मिस्टरांनी त्यांच्या लॉगिनने पालकांचा भाग भरला आणि तिथेही तेच ३८,००० लिहिले. म्हणजे तोच पैसा दोन ठिकाणी लागला.

पुढे गुंतवणुकीच्या रकान्यात मिस्टरांनी १,६२,००० लिहिले. त्यातले १२,००० शेअर्समधले आहेत आणि दीड लाख त्यांचं ४०१-के, म्हणजे नोकरीतलं निवृत्तीचं खातं. दोन्ही एकाच वेबसाइटवर दिसतात, तिथला एकूण आकडा त्यांनी उचलला. आणि पुण्यातला आमचा दोघांच्या नावावरचा फ्लॅट लिहिलाच नाही. तिथे सासूबाई राहतात, भाडं वगैरे काही येत नाही, त्यामुळे तो 'गुंतवणूक' असेल असं मनातही आलं नाही.

एसएआय, म्हणजे मदत ठरवायला सूत्राने काढतात तो आकडा (जितका मोठा तितकी मदत कमी), आला ३२,९१०. आम्हाला वाटलं, असेल तेवढाच. पण १४ जानेवारीला मिस्टरांची नोकरी गेली. तेव्हा सगळे कागद पुन्हा काढले आणि या चुका दिसल्या. लेकीला जे राज्याचं कॉलेज हवंय तिथला वर्षाचा खर्च राहण्याजेवणासकट ३४,००० आहे. त्यांची मदतीच्या अर्जांची तारीख १ मार्च.

माझ्या ओळखीच्या एक बाई म्हणाल्या, सही केलेल्या फॉर्मला आता हात लावू नकोस, बदललंस की संशय येतो. दुसऱ्या म्हणाल्या, सरळ नवा फॉर्म भर आणि त्यात नोकरी गेल्यानंतरचं उत्पन्न टाक. दोघींच्याही मुलांची कॉलेजं झालेली आहेत, म्हणून कुणाचं ऐकावं कळेना. आणि फ्लॅट आता लिहिला तर आकडा अजून वाढेल का, ही भीती आहेच. लेकीला अजून काही सांगितलेलं नाही. चूक माझी आणि भोगणार ती, हे मनातून जात नाही.


खिडकीपलीकडची
५ फेब्रुवारी २०२६

ताई, आधी पाणी प्या. तुम्ही लिहिलेल्यातलं एकही निस्तरण्यापलीकडचं नाही, आणि तारखेला अजून तीन आठवडे आहेत.

मी एका कम्युनिटी कॉलेजच्या आर्थिक मदत कार्यालयात अकरा वर्षं काढली. खिडकीच्या त्या बाजूला बसून असे फॉर्म रोज पाहिले. दुरुस्ती आली म्हणून कुणावर संशय घेतल्याचं मला आठवत नाही. दुरुस्ती करायची सोय त्या फॉर्ममध्येच दिलेली आहे, आणि रोज कितीतरी घरं ती वापरतात. उलट घाबरून गप्प बसलेली माणसं पाहून माझा जीव तुटायचा. ऑगस्टमध्ये बिल हातात पडल्यावर यायची. तोवर कॉलेजचे पैसे वाटून झालेले असायचे.

तुमच्या पोस्टमध्ये दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्यात, त्या आधी सोडवू. ९ नोव्हेंबरला सही केली त्या दिवशी जे चुकीचं लिहिलं, ती चूक. ती फॉर्ममध्ये दुरुस्त करायची. सही केल्यानंतर जे घडलं, ती चूक नाही, तो बदल. तो फॉर्ममध्ये घालायचा नाही, कॉलेजला सांगायचा. पैशांच्या बाबतीत फाफ्सा म्हणजे सहीच्या दिवशी काढलेला फोटो समजा. त्या दिवशी खात्यात ३८,००० होते आणि आज नोकरी गेल्यामुळे ३१,००० उरले असतील, तरी पालकांच्या भागात ३८,०००च राहू द्यायचे. पण लेकीच्या भागातले ३८,००० त्या दिवशीही तिचे नव्हते, म्हणून ते १,२४० करायचे. ४०१-के त्या दिवशीही विचारलेलं नव्हतं, म्हणून ते काढायचं. फ्लॅट त्या दिवशीही तुमचा होता, म्हणून तो घालायचा.

नवा फॉर्म भरू नका. एका मुलाचा एका वर्षाचा एकच फाफ्सा असतो. आणि उत्पन्न हाताने बदलायचा विचार तर सोडूनच द्या. २०२६-२७ च्या फॉर्मला २०२४ चं टॅक्स रिटर्न लागतं आणि तुम्ही संमती दिल्यावर ते आकडे आयआरएसकडून, म्हणजे अमेरिकेच्या टॅक्स खात्याकडून, परस्पर आलेत. ते तुम्हाला दिसतही नाहीत, मग बदलणार कुठून? २०२४ मध्ये मिस्टरांना नोकरी होती, म्हणजे ते आकडे खरेच आहेत.

आता हिशोब सांगते, म्हणजे कुठली चूक किती भारी ते कळेल. मुलाच्या नावावरच्या पैशांतले २० टक्के दरवर्षी शिक्षणाला उपलब्ध आहेत असं हे सूत्र धरतं. पालकांच्या पैशांतले मात्र १२ टक्के आधी काढतात आणि ते उत्पन्नात मिसळून त्यावर पायरीप्रमाणे २२ ते ४७ टक्के लावतात. म्हणजे अगदी वरच्या पायरीलाही शंभरातले साडेपाच डॉलर आणि थोडे सेंट, नेमकं ५.६४ टक्के. म्हणून तेच ३८,००० लेकीच्या रकान्यात ७,६०० होतात आणि तुमच्या रकान्यात फार तर २,१४३. तिच्या खऱ्या १,२४० डॉलरचे होतात २४८. म्हणजे तुमच्या त्या एका रकान्याने एसएआय ७,३५२ ने फुगलाय.

४०१-के, आयआरए असे निवृत्तीचे साठे फाफ्सात लिहायचेच नसतात. राहतं घरही नाही. दीड लाख काढले की वरच्या पायरीच्या दराने ८,४६० कमी होतील.

फ्लॅटबद्दल सरळच बोलते, कारण इथे आपली माणसं हमखास अडखळतात. तो भारतात आहे, भाडं येत नाही, आई राहते, हे सगळं खरं. पण मालकी तुमची आहे आणि तुमचं राहतं घर तो नाही. म्हणून तो लिहायचा. बाजारभावातून त्याच फ्लॅटवरचं शिल्लक कर्ज वजा करून उरेल तेवढाच. समजा निव्वळ ५० हजार डॉलर निघाले, तर एसएआय वाढेल २,८२० ने. तेवढ्यासाठी लपवाछपवी करू नका. सहीच्या पानावर लिहिलेलं असतं की जाणूनबुजून खोटी माहिती दिल्यास २०,००० डॉलरपर्यंत दंड, तुरुंगवास किंवा दोन्ही होऊ शकतात. आतापर्यंत तुम्हाला माहीत नव्हतं, ती चूक होती. आज माहीत झालंय. आणि बेरीज पाहिलीत तर फ्लॅट धरूनही तुमचा आकडा दहा हजारांहून जास्त खाली येतोय.

करायचं कसं तेही सांगते. लेकीने स्वतःच्या लॉगिनने स्टुडंटएड डॉट गव्हवर जायचं, 'माय ॲक्टिव्हिटी'त पाठवलेला फॉर्म उघडायचा आणि 'मेक अ करेक्शन' घ्यायचं. तिचा भाग तिने, मिस्टरांचा भाग मिस्टरांनी. ज्याच्या भागात बदल, त्याची सही पुन्हा. कॉलेजांच्या यादीला हात लावू नका. यादीतून काढलेल्या कॉलेजला पुढच्या दुरुस्त्या जात नाहीत, आणि घाईत चुकून कॉलेज उडवलेली मुलं मी पाहिली आहेत. सुरू करण्याआधी जुन्या समरीची, म्हणजे पाठवलेल्या फॉर्मच्या गोषवाऱ्याची, पीडीएफ उतरवून ठेवा.

आणि लेकीला आज सांगा. फॉर्म तिचा आहे. तिच्या सहीशिवाय तिचा भाग जाणारच नाही.


तारखेचा_बाबा
६ फेब्रुवारी २०२६

वरच्या ताईंनी सगळं सांगितलंच आहे, मी फक्त एक भर घालतो. दुरुस्तीला बसलाच आहात तर नावं आणि जन्मतारखा पण तपासा.

आमच्या थोरल्याच्या वेळी, २०२४-२५ चा फॉर्म होता. त्या वर्षी तो डिसेंबरच्या अगदी शेवटी उघडला होता. पालकांना बोलावताना मुलाला पालकाचं नाव, जन्मतारीख वगैरे भरावं लागायचं. माझा जन्म ७ ऑगस्टचा. पोराने मला विचारलं, मी सवयीने सांगितलं, 'शून्य सात, शून्य आठ.' त्याने इथल्या पद्धतीने लिहिलं, झालं ८ जुलै. मी माझ्या लॉगिनने गेलो तर त्याचा फॉर्म मला उघडेचना. माझ्या खात्यातली तारीख खरी, त्याने लिहिलेली वेगळी. आठ दिवस आम्ही पासवर्ड बदलत बसलो. तारीख बघायचं कुणालाच सुचलं नाही. शेवटी बायकोने दोन्ही स्क्रीन शेजारी शेजारी ठेवून एकेक अक्षर वाचलं, तेव्हा सापडलं. तेव्हापासून घरात आम्ही तारीख सांगताना महिन्याचं नावच घेतो.

दुसरं आपल्या नावांचं. आपल्याकडे मुलाचं नाव, वडलांचं नाव, आडनाव अशी रीत. सोशल सिक्युरिटी कार्डावर कुणाचं वडलांचं नाव मधल्या नावात असतं, कुणाचं पहिल्या नावालाच चिकटलेलं असतं, कुणाचं नसतंच. पासपोर्टवर अजून तिसरंच. आपल्याला कसं लिहायला आवडतं ते इथे चालत नाही, सोशल सिक्युरिटीच्या नोंदीत जसं आहे तसंच हवं. माझ्या धाकटीचं नाव शाळेत एक आणि कार्डावर एक आहे, म्हणून तिच्या खात्याच्या वेळी आम्ही कार्ड समोर ठेवूनच टाइप केलं. खात्यातलं नाव किंवा जन्मतारीख चुकली असेल तर ती फॉर्मच्या दुरुस्तीत शोधू नका, स्टुडंटएडच्या खात्याच्या सेटिंग्जमध्ये जा.

आणि वहिनी, मिस्टरांच्या नोकरीचं वाईट वाटलं. मीही २०२३ मध्ये त्यातून गेलोय. आर्थिक मदत कार्यालयाला फोन करताना मला फार संकोच वाटायचा. करा फोन. तिथे रोज अशीच घरं येतात.


लेकीची_आई
६ फेब्रुवारी २०२६

तुम्हा दोघांचे आभार कसे मानू. काल रात्री लेकीला सांगितलं. मला वाटलं होतं ती चिडेल. ती म्हणाली, 'आई, मला तेव्हाच विचारलं असतंस तर दोन सेकंदांत सांगितलं असतं.' आणि मग स्वतःच लॅपटॉप घेऊन आली. तिच्या भागात १,२४० लिहून सही करून पाठवलंय.

आता फ्लॅटचे प्रश्न. किंमत कशी ठरवायची? आम्ही २०१४ साली ४२ लाखांना घेतला. आता त्याच सोसायटीत तेवढाच फ्लॅट ६५ लाखांना गेला असं दीर म्हणतात. कर्ज २० लाख शिल्लक आहे. आणि रुपयाचा भाव कुठल्या दिवसाचा धरायचा?

नोकरीचं कॉलेजला कसं सांगायचं, हाही प्रश्न आहेच. पत्र लिहायचं का? काय लिहायचं? रडगाणं गायल्यासारखं होईल का?


खिडकीपलीकडची
७ फेब्रुवारी २०२६

शाब्बास तिची! अशा मुली पुढे आपलं आपण बघतात.

फ्लॅटची खरेदीची किंमत धरायची नाही. सहीच्या दिवशी विकला असता तर काय आले असते, तो भाव. शेजारचा ६५ ला गेला असेल तर ६५ लाख धरणं रास्त आहे. त्यातून २० लाख वजा, उरले ४५ लाख. दोघांच्या नावावर आहे आणि दोघंही पालकच, म्हणून पूर्ण ४५. दिरांचाही हिस्सा असता तर फक्त तुमचा वाटा लिहिला असता. सहीच्या दिवसाच्या विनिमय दराने डॉलर करा आणि ज्या पानावर तो दर पाहिलात ते छापून ठेवा. दिरांनी शेजारच्या विक्रीबद्दल व्हॉट्सॲपवर लिहिलं असेल तर तेही ठेवा, आणि बँकेचं कर्जाचं विवरण मागवा. कुणी विचारेलच असं नाही. पण कॉलेजने पडताळणीसाठी निवडलं तर कागद हाताशी असला की तुमचे तीन आठवडे वाचतात. पडताळणी ही शिक्षा नव्हे. फॉर्ममधले काही आकडे कागदाशी ताडून बघतात, एवढंच.

कॉलेज सीएसएस प्रोफाइल नावाचा दुसरा मदतीचा अर्ज पण मागत असेल, तर ते वेगळं. ते कॉलेज बोर्ड नावाच्या संस्थेचं आहे, फाफ्सात केलेली दुरुस्ती तिकडे आपोआप जात नाही. तिथे राहत्या घराचंही विचारतात. राज्याच्या कॉलेजांत ते बहुतेक लागत नाही, पण यादीत एखादं खासगी कॉलेज असेल तर बघा.

आता नोकरी. कायद्याने कॉलेजच्या आर्थिक मदत अधिकाऱ्याला एकेका घराची परिस्थिती पाहून हिशोबातले आकडे बदलायची मुभा दिलेली आहे. त्याला प्रोफेशनल जजमेंट म्हणतात. कॉलेजच्या वेबसाइटवर 'स्पेशल सर्कमस्टन्सेस' किंवा 'अपील' अशा नावाचा फॉर्म असेल. नसला तर फोन करून हेच शब्द वापरा. निर्णय त्या कॉलेजपुरता असतो, म्हणून यादीतल्या प्रत्येक कॉलेजकडे वेगळं मागावं लागतं. आणि त्या कार्यालयाने नाही म्हटलं तर वर शिक्षण खात्याकडे त्याविरुद्ध दाद मागता येत नाही. म्हणून पहिल्याच वेळी नीट द्या.

पत्राचं सांगते. माझ्या टेबलावर चार चार पानांची पत्रं यायची. वाचताना मलाही भरून यायचं, पण माझ्या हातात जो तक्ता होता त्यात भावना भरायला रकाना नव्हता. मला हवे असायचे तारीख, रक्कम आणि पुरावा. एक पान पुरे. नोकरी कुठल्या तारखेला गेली. २०२४ मध्ये दोघांचं उत्पन्न किती होतं. २०२६ मध्ये किती होईल असा तुमचा अंदाज आहे, आणि तो कसा काढला: पगार या तारखेपर्यंत इतका, नोकरी सोडताना कंपनीने दिले इतके, बेकारी भत्ता आठवड्याला इतका आणि किती आठवडे. आरोग्य विम्याचा नवा हप्ता. सोबत नोकरी गेल्याचं पत्र, शेवटची पे स्टब, बेकारी भत्त्याचं पत्र. कंपनीने दिलेली रक्कम लपवू नका, ती त्यांना कागदावर दिसतेच आणि मग बाकीच्या आकड्यांवरचा विश्वास जातो. शेवटी एक ओळ लिहा, की या परिस्थितीत अमुक एवढी रक्कम आम्ही भरू शकतो. ही ओळ फार थोडी घरं लिहितात. मला ती वाचली की काम करायला आधार मिळायचा.

यात रडगाणं कुठे आलं? तुम्ही हिशोब देताय.

मात्र क्रम पाळा. आधी फाफ्सातल्या चुका दुरुस्त होऊन नवा एसएआय येऊ द्या, मग अपील द्या. कॉलेजलाही फॉर्म दुरुस्त करता येतो, पण तुम्ही आणि त्यांनी एकाच आठवड्यात हात घातला की कुठला आकडा शेवटचा हेच कुणाला कळत नाही.

एसएआय खाली आल्याचा उपयोग कुठे, हेही तुम्हाला माहीत असू द्या. पेल ग्रँट, म्हणजे कमी उत्पन्नाच्या घरांना मिळणारी सरकारी मदत, एवढ्या उत्पन्नावर मिळणार नाही, ती आशा मी लावत नाही. पण गरज म्हणजे खर्च वजा एसएआय. ३४,००० मधून ३२,९१० गेले तर गरज १,०९० डॉलरची दिसते. एसएआय २० हजारांच्या आसपास आला तर गरज १४ हजारांची दिसते. कॉलेजची स्वतःची गरजेवरची ग्रँट याच आकड्यावर बघतात. आणि पहिल्या वर्षाला मुलांना सरकारी कर्ज ५,५०० पर्यंत मिळतं, त्यातलं ३,५०० पर्यंत सबसिडाइज्ड, म्हणजे शिकत असताना त्याचं व्याज सरकार भरतं. पण हे सबसिडाइज्ड कर्ज गरज दिसली तरच.


दुसऱ्या_वर्षाला
७ फेब्रुवारी २०२६

मी स्वतः विद्यार्थिनी आहे, माझं मराठी लिहिणं चुकलं तर सांभाळून घ्या. घरात सगळं आजीशी बोलून शिकले.

काकू, एक गोष्ट कुणी सांगितली नाही. दुरुस्ती 'सेव्ह' झाली म्हणजे गेली असं नाही. मी पहिल्या वर्षी एक कॉलेज यादीत टाकायचं राहिलं म्हणून दुरुस्ती सुरू केली. यादीत वीसपर्यंत कॉलेजं चालतात, त्यामुळे जागा होती. टाकलं, सेव्ह केलं, लॅपटॉप बंद केला. सहीच केली नव्हती. सतरा दिवसांनी त्या कॉलेजने कळवलं की आमच्याकडे तुमचा फाफ्सा नाही. शेवटी सही करून सबमिटचं पान येईपर्यंत थांबा आणि त्या पानाचा फोटो काढून ठेवा. मग दोन-तीन दिवसांनी पुन्हा लॉगिन करून नवी समरी आली का बघा. त्यात फॉर्मच्या उत्तरांचा एक टॅब असतो, तिथे तुमचे नवे आकडे दिसले की झालं.

आणि ईमेल. माझं खातं बाबांनी शाळेच्या ईमेलवर उघडलं होतं. बारावी संपली आणि शाळेने तो ईमेल बंद केला. तुमच्या लेकीचंही तसं असेल तर आत्ताच तिचा स्वतःचा कायमचा ईमेल घाला. कॉलेजचे निरोप पण तिलाच येतील, तुम्हाला नाही. माझे आईबाबा मला रोज विचारायचे, काही आलं का, आणि मी चिडायची. नंतर आम्ही ठरवलं की रविवारी संध्याकाळी तिघांनी मिळून पोर्टल उघडायचं. बाकीचे सहा दिवस तो विषय नाही. तुम्हालाही जमलं तर बघा. घर शांत झालं आमचं.

चूक तुमच्यामुळे झाली म्हणून वाईट वाटून घेऊ नका. माझ्या आईने माझ्यासाठी रात्री दोनपर्यंत जागून फॉर्म भरला होता. त्यात तीन चुका होत्या. मला आठवतंय ते तिचं जागणं.


लेकीची_आई
२२ फेब्रुवारी २०२६

काय काय झालं ते सांगते, पुढे कुणाला उपयोगी पडेल.

लेकीची दुरुस्ती दोन दिवसांत प्रोसेस झाली. एसएआय ३२,९१० वरून २५,५५८ वर आला. मग मिस्टर बसले. यावेळी मी शेजारी बसून फक्त वाचत होते. ४०१-केचे दीड लाख काढले. फ्लॅटचे ४५ लाख, ९ नोव्हेंबरच्या दराने साधारण ५१,००० डॉलर, ते घातले. शेअर्सच्या १२,००० सकट गुंतवणूक झाली ६३,०००. सही केली, सबमिटच्या पानाचा फोटो काढला. तिसऱ्या दिवशी आकडा आला १९,९७४. मी कागदावर ताईंच्या दराने आधीच मांडून ठेवलं होतं, डॉलर न् डॉलर जुळला. मिस्टर बराच वेळ त्या कागदाकडे बघत होते. नोकरी गेल्यापासून पहिल्यांदा त्यांनी एखादं काम हातात घेऊन पूर्ण केल्यासारखं वाटलं असावं. बोलले नाहीत, पण उठून सगळ्यांसाठी चहा त्यांनीच केला.

कॉलेजला फोन मीच केला. फोनवरच्या मुलीने दोन प्रश्न विचारले आणि अपीलचा फॉर्म पाठवला. पत्र एका पानात बसवलं. पहिला मसुदा अडीच पानांचा होता, त्यातली आमची सगळी कहाणी लेकीने काढून टाकली आणि तारखा ठेवल्या. शेवटची ओळही लिहिली, की आम्ही वर्षाला १२,००० पर्यंत भरू शकतो. ती ओळ लिहायला सगळ्यांत जास्त वेळ लागला, कारण तो आकडा आम्ही दोघांनी त्याआधी एकमेकांसमोर कधी बोललोच नव्हतो.

सगळे कागद १८ तारखेला अपलोड झाले. कॉलेज म्हणतंय चार आठवडे लागतात. फ्लॅटच्या कर्जाचं बँकेचं विवरण दिरांनी पाठवलंय, ते फाइलला लावून ठेवलंय. लेकीच्या खात्याचा ईमेलही बदलला, तो शाळेचाच होता.

आता रविवार संध्याकाळचा नेम सुरू केलाय. २२ मार्चच्या रविवारी काही दिसलं तर इथेच लिहीन.